दुसरा भाग

ज्या गेमच्या दुसऱ्या भागाची हर्षित शाळेत असल्यापासून वाट बघत होता, तो एकदाचा आला. दसऱ्याची सुट्टी होती, सकाळपासून तो टीव्हीसमोर बसलेला. पण लढाया सोडून नुसताच रस्त्यांवरून फिरत होता.

"काय शोधतोस रे?" मागून बाबांनी विचारलं.

"पहिल्या भागात हिरोचं घर होतं इथे, खाडीजवळ. आता सगळं शहर करून टाकलंय."

"मग वाईट झालाय का गेम?"

"नाही हो बाबा. भारी झालाय," हर्षित म्हणाला, आणि पुन्हा त्याच चौकात जाऊन उभा राहिला.

बाबांनी नारळ आणि उदबत्ती घेतली. ठाकुर्लीच्या त्यांच्याच शेतावर हा टॉवर उभा राहिलेला. शेतातली विहीर जिथे बुजवली, तिथे आता बेसमेंटच्या पार्किंगमधला एक खांब होता. त्याला शेंदूर लावून बाबा दर दसऱ्याला तिथे नारळ फोडायचे. हर्षितला त्याची लाज वाटायची. आज पहिल्यांदाच तो गेम थांबवून त्यांच्याबरोबर खाली गेला.

दिवाळी जवळ आली म्हणून सोसायटीने बेसमेंट रंगवून घेतलेलं. सगळे खांब पांढरेशुभ्र, एकसारखे. बाबा नारळ घेऊन एकेका खांबाला हात लावत फिरले आणि मधेच थांबले.

"टॉवर मात्र भारी झालाय," ते म्हणाले.