लाल काकण

रेवतीच्या हातातलं काकण सकाळी लाल झालं आणि ती सवयीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली.

घामातली संप्रेरकं ओळखणारी ही काकणं आता प्रत्येक बाईच्या हातात असत. पाळी आली की काकण लाल होऊन चुगली करायचं. मग सासूबाई, गिरिजाबाई, आतूनच सांगायच्या, "आज आत येऊ नकोस गं, देवाचं व्हायचंय."

मागच्या दिवाळीनंतर मात्र ते लाल झालंच नाही. छातीतून दूधही येऊ लागलं, तेव्हा गिरिजाबाईंनी हौसेनं दुपटी शिवायला घेतली. शेवटी काकणानंच सांगितलं, की बाळ नाही. मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीत, वाटाण्याएवढी साधी गाठ आहे. दूध आणणारं संप्रेरक तीच सोडते आहे आणि पाळीही तिनंच अडवली आहे.

तेव्हापासून काकण तिच्या त्वचेतून औषध सोडत होतं. दुपारी ती आडवी झाली, की गिरिजाबाई येऊन हळूच तिचा हात उचलायच्या आणि रंग बघायच्या. रेवती जागी असायची, पण डोळे उघडायची नाही.

"आई, मी आज बाहेरच बसते," आता तिनं हात पुढे केला.

गिरिजाबाई त्या लाल रंगाकडे बघतच राहिल्या. डोळ्यांना पदर लावून त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं.

"बाहेर कशाला? आधी देवापुढे साखर ठेव. तुझ्याच हातानं."