भिंतीवरचे अर्जुनराव

विमा कंपनीच्या इंजिनियर ऋतुजा मॅडमनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर छोट्या हातोडीनं टकटक केली, कान लावला आणि मान डोलावली. घरमालक शिवशंकर मागंच उभा होता.

घर आष्टीच्या नव्या कॉलनीतलं, रंगाचा वास अजून न गेलेलं. बांधणाऱ्यानं मजबुतीची लेखी हमी कुणालाच दिली नव्हती. त्याऐवजी लिंबागणेशच्या गणपतीची शपथ घेतली होती. विमा कंपनी शपथ धरत नाही. हमी नसलेल्या घराचा विमा हवा तर आधी तिचा इंजिनियर भिंती तपासणार, आणि एक जरी भेग दिसली तर विमा विसरायचा. उद्या घर बसलं तर शिवशंकरच्या हातात ती शपथ तेवढी राहणार होती.

"आता हॉल," मॅडम म्हणाल्या.

"हॉल लई मजबूत हाय, मॅडम. न्हाई बघितला तरी चालंल."

मॅडमनी बघितला. तीन भिंतींवर टकटक झाली. चौथीपाशी हातोडी वर गेली आणि तिथंच थांबली. समोर फेट्यातले अर्जुनराव होते. फोटो खिडकीएवढा, त्याला चंदनाचा हार.

"वडील?"

"दिवाळीत गेले."

मॅडमनी हात जोडले. मग हळूच म्हणाल्या, "फोटो जरा खाली घेता येईल?"

दारात शिवशंकरची आई, केशरबाई, चहा घेऊन उभी होती. कपबशा वाजल्या.

"वर्षश्राद्धापातूर हलवायचा न्हाई, आसं गुरुजी म्हणलेत," शिवशंकर म्हणाला.

मॅडमची नजर केशरबाईच्या कपाळावर गेली. कुंकू ठसठशीत होतं.

"आमच्या गावानं ठराव केलाय," शिवशंकर घाईनं बोलला. "नवरा गेला तरी बाईनं कुंकू पुसायचं न्हाई."

"फार चांगलं केलंत," मॅडम म्हणाल्या. हातोडी पिशवीत गेली. "असाच हार परवा पलीकडच्या घरात पाहिला."

"दुकान एकच हाय, मॅडम."

"या कॉलनीत कर्ती माणसं फार लवकर जातात हो."

"पानीच तसलं हाय."

मॅडमनी टॅबवर बोट टेकवलं. घर पास झालं.

फाटकाशी शेजारचे आप्पा भिंतीवरून डोकावत होते. "आमच्याकडं कधी, मॅडम?"

"उद्या सकाळी."

आप्पांचं डोकं भिंतीआड गेलं.

मॅडमची गाडी वळणाआड गेली. शिवशंकरनं स्टूल ओढलं आणि फोटो उतरवला. मागच्या भेगेत त्याचा अख्खा पंजा गेला असता.

मागच्या दारानं, शेळ्यांच्या शेडातून, धोतरावरचा कडबा झटकत अर्जुनराव आत आले.

"हार नीट ठिव, शिवा," ते म्हणाले. "उद्या आप्पाला मरायचंय."