धग सोसणारा बोल्ट

लेक सुवार्तानं मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून एलिया मिस्त्रींनी तिला घरचा उंबरा बंद केला होता. केडगावचं गॅरेज मात्र गिऱ्हाइकाला उघडंच होतं. टर्बो गाडीच्या मॅनिफोल्डचा बोल्ट तुटला म्हणून ती पुण्याहून तिसऱ्यांदा आली, तेव्हा मिस्त्रींना आपल्याच कामाची लाज वाटली. त्यांनी दोन नवे बोल्ट तिच्या पुढ्यात ठेवले.

"मॅडम, ह्यो साधा. टर्बोची धग लई, चार-सहा महिन्यांत तुटतोच. आन् ह्यो धग सोसणारा. गाडी भंगारात जाईल, पन ह्यो तुटायचा न्हाई."

"साधाच बसवा, मिस्त्री."

मिस्त्रींनी बोल्ट आवळला, बॉनेट लावलं, हात पुसले.

"नाताळाच्या आसपास तुटंल," ते गाडीकडं बघत म्हणाले. "तुझी आई तवा करंज्या करती."