हवा येते कुठून?

"पुन्हा चौसष्ट!" वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात टॅमसिनने संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं.

क्लेमचं तोंड कडू झालं. बॉयलरच्या धुरात सत्तर टक्के कार्बन डायऑक्साइड दिसायला हवा होता, तोही शुक्रवारपर्यंत. नाहीतर ब्रिस्बेनचे साहेब चाचणी गुंडाळणार आणि क्लेमचा लाडका बॉयलर भंगारात जाणार.

या भट्टीत कोळसा आता हवेवर जळत नव्हता. तिला ऑक्सिजन आणि तिचाच धूर फिरवून पाजत होते. म्हणजे शेवटी निघणारा वायू पकडून जमिनीत पुरायला सोपा. फक्त बाहेरची हवा आत शिरता कामा नये. आणि ती कुठूनतरी शिरत होती.

क्लेम इरेला पेटला होता. पंधरा दिवस त्याने धुराची कांडी घेऊन, धूर कुठे आत ओढला जातो ते बघत, सांधा न् सांधा तपासला. शिवाय दर तासाला वर चढून, भट्टीचं झाकण उघडून, तो जाळ बघायचा. कॅमेरे होते, पण त्यांच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. जुन्या लोकांनी त्याला जाळ डोळ्यांनी ओळखायला शिकवलं होतं. त्यात हा नवा जाळ वेगळाच होता, त्याचं बघून समाधान होत नसे.

बुधवारी तो दाढ काढायला रॉकहॅम्प्टनला गेला. गुरुवारी सुजलेला गाल घेऊन सकाळी सातला कामावर आला. दहा वाजता टॅमसिनने त्याला हाक मारली.

"क्लेम, काल दिवसभर एकाहत्तर होते!"

"काय केलंस?"

"काही नाही रे. आम्ही क्रिकेट बघत बसलो होतो."

"आणि आज?"

"आठला पडले, नऊला पडले, आत्ता परत. तूच सांग, हवा काय घड्याळ बघून येते?"

क्लेम आलेखावर वाकला. आज प्रत्येक तासाला एक खड्डा. परवाही तसंच. काल मात्र सरळ रेघ. त्याचे कान तापले. गुपचूप वर जाणं बंद केलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. त्याने सुजलेला गाल चोळला.

"गळती सापडली, पोरी."

"कुठे?"

"एकतीस वर्षं झाली, इथंच नोकरीला आहे."