घासलेलं नाणं

वडिलांच्या पेटीत सापडलेलं जुनं चांदीचं नाणं कुणी घ्यायचं, यावरून पिशोरच्या दोन भावांचं बोलणं तुटलं होतं. शेवटी आईला, चतुराबाईंना घेऊन दोघं छावणीत विश्वजीतच्या नाण्यांच्या दुकानात आले.

विश्वजीतनं भिंगातून नाणं निरखलं. "आधीच झिजलेलं, वर कुणीतरी चिंच-राखेनं घासलंय. अक्षरंही गेली. आता अस्सल की नकली, कुणालाच सांगता यायचं नाही."

"मग घे तूच," थोरला धाकट्याला म्हणाला.

"मला काय करायचंय? आईकडंच राहू दे."

दोघं सोबतच चहाला बाहेर पडले.

विश्वजीत वैतागला. "आजी, जुनं नाणं घासू नये, हे कुणी सांगितलं नव्हतं का?"

"थोरल्यानं सांगितलं व्हतं," चतुराबाई म्हणाल्या. "म्हणून तर घासलं."