ठोकळ्यांची पायरी

कचऱ्याची पिशवी ठेवायला आई क्षणभर दाराबाहेर गेली आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत राहिली, गॅसवर दूध होतं आणि घरात चार वर्षांची लेक एकटीच. लॅचपर्यंत तिचा हात पोचत नव्हता.

“बाळा, खुर्ची ओढून आण!”

“हलतच नाहीये गं ती.”

दाराच्या फटीतून आधी दूध करपल्याचा वास आला, मग गॅसचा. तेवढ्यात मामाने करून दिलेले मोठे लाकडी ठोकळे सरकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते कोसळल्याचा.

“लागलं का गं?”

“नाही. खाली रुंद रचायला हवेत, मग नाही पडत.”

पुन्हा खडखड झाली आणि लॅच खट्कन उघडलं. आईने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि लेकीला उराशी कवटाळलं. “माझं शहाणं पिल्लू ते! हे सुचलं कसं गं तुला?”

 

“त्यात काय! तू आंघोळीला गेलीस की मी रोज असंच चढून गॅलरीच्या कठड्यावर पाय सोडून बसते.”