बिनविरोध

शेखरने चहा मागवला, पण अर्ज मागे घेण्याबद्दल तो काही बोलेना. पुण्याजवळ सूसमध्ये त्याची सॉफ्टवेअर कंपनी होती. भारत-स्लोव्हेनिया व्यापार मंडळावर भारताच्या बाजूची संचालकाची एक जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी दोनच अर्ज आले होते. एक त्याचा, दुसरा समोर बसलेल्या नरहरीचा.

नरहरी भरे गावचा माजी सरपंच. पिरंगुटला त्याचा स्प्रिंगा बनवायचा कारखाना. निवडणूक लढवायची नसते, बिनविरोध करायची असते, हे तो गावातच शिकला होता.

"सरपंच, खुर्ची दिसली की तुम्हाला बसावंसंच वाटतं," शेखर म्हणाला.

"कारखान्याचा माल तिकडं धाडायचाय. एवढी येळ सोडा. फुडच्या येळंला तुमचा सूचक मी."

शेखर हसला. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज मागे घेतला.

माल कुठेच धाडायचा नव्हता. स्लोव्हेनियाच्या बाजूने मंडळावर तीन संचालक होते. त्यांतली एक ज्ञानदा, नरहरीची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिचं लग्न तिकडेच झालं. त्याच दिवशी भरे गावात पंचायतीची मतमोजणी होती. नरहरी मतमोजणीला थांबला आणि निवडून आला. लग्नाला त्याची बायको हेमलता एकटी गेली. तेव्हापासून ज्ञानदा आईशी रोज बोलायची. फोन वडिलांच्या हातात गेला की तो बंद व्हायचा.

फेब्रुवारीत मंडळाची बैठक मुळशी धरणाजवळच्या हॉटेलात होती. ज्ञानदा येणार होती. घरी येणार नव्हती, हेही तिने आईला सांगून ठेवलं होतं.

भेटायचंय असं सरळ कळवा, मी निरोप देते, असं हेमलता दोनदा म्हणाली.

"न्हाई म्हणली तर?" नरहरी म्हणाला. "बैठकीतनं उठून जाता येत न्हाई. दोन दिस समोर बसावं लागंल. तू यातलं काई बोलू नको तिला."

हेमलताने ज्ञानदाला काही कळवलं नाही.

अर्ज त्याने स्वतःच्या हाताने भरला होता. शेवटी एक रकाना होता: मंडळावर नातेवाईक असल्यास नाव व नाते. तिथे त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, ज्ञानदा, मुलगी. सात वर्षांत हा शब्द कुठे लिहायची वेळ आली नव्हती.

निकाल कळायला आठवडा होता. तेवढ्या दिवसांत त्याने नवा कोट शिवायला टाकला. बसायची व्यवस्था कशी असते, हे मंडळाच्या सचिव मेधाला फोन करून विचारलं. लांब टेबल, या देशाचे अलीकडे, त्या देशाचे पलीकडे, असं तिने सांगितलं. रोज दाढी करताना तो आरशात एकच वाक्य हळू म्हणून बघायचा, कशी हायेस. पुढचं वाक्य त्याला सुचत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मेधाचा फोन आला.

"अभिनंदन, तुम्ही बिनविरोध," ती म्हणाली. "जरा अडलं होतं. एका घरातले दोघं मंडळावर चालत नाहीत. ज्ञानदा मॅडमना तसं कळवलं, तर त्यांनी कालच राजीनामा पाठवला. म्हणाल्या, बाबांना खुर्ची मिळू दे, त्यांना दुसरं काही नको असतं."